मेंढपाळाचा हिरवा

सतराव्या शतकाच्या सुरुवातीला एका फ्रेंच कादंबरीतल्या तरुण मेंढपाळाने नदीत उडी घेतली. आपल्याशी त्याने प्रतारणा केली असा त्याच्या प्रेयसीचा समज झाला होता आणि पुन्हा तोंड दाखवू नकोस, असं तिने त्याला बजावलं होतं. नदी लिन्यों, प्रेयसी आस्त्रे आणि मेंढपाळाचं नाव सेलादों. तो बुडाला नाही. प्रवाहाने त्याला काठाला लावलं, तिथे वनदेवींनी त्याला उचललं आणि मग पाच हजारांहून अधिक पानं तो त्या बजावण्याचा मान राखत, वेश पालटून, प्रेयसीच्या आसपास वावरत राहिला. ओनोरे द्युर्फे या लेखकाची ‘लास्त्रे’ नावाची ही कादंबरी १६०७ पासून पुढची वीस वर्षं भागाभागाने प्रसिद्ध होत होती. शेवटचा भाग येण्याआधीच द्युर्फे वारला आणि त्याच्या चिटणिसाने कथा पुरी केली. फ्रान्समधला शिकलासवरलेला वर्ग या कथेने इतका झपाटला होता की विरहात झुरणाऱ्या एकनिष्ठ प्रियकराला फ्रेंचमध्ये ‘सेलादों’ असंच म्हणू लागले.

आज जगभरचे रंगारी, कुंभार आणि संग्रहालयांचे अभ्यासक ज्या फिकट, मऊ हिरव्याला ‘सेलाडॉन’ म्हणतात, त्याचं नाव या मेंढपाळावरून आलं आहे. तो फिकट हिरव्या फिती बांधायचा, असं परंपरेने सांगितलं जातं. ही कथा रंगभूमीवरही गेली आणि त्या हिरव्याची फॅशन पडली. आधी कापडाच्या रंगाला हे नाव मिळालं. त्या वेळी या नावाचा मातीच्या भांड्यांशी काहीही संबंध नव्हता, आणि चीनशी तर नव्हताच.

हा हिरवा कसा, हे मराठीत सांगायला बसलं की आपल्याकडची सगळी नावं एकेक करून बाजूला ठेवावी लागतात. दादरच्या साडीच्या दुकानात पोपटी आहे, पिस्ता आहे, शेवाळी, मेंदी, मोरपंखी, रामा आहे, ‘सी ग्रीन’ही आहे. पण सेलाडॉन यातल्या कशातच नेमका बसत नाही. पिस्त्यातला पिवळेपणा काढून घ्यावा, त्यात निळ्याचा एक थेंब आणि राखाडीची एक छटा मिसळावी आणि वर थोडा पाण्याचा ओलावा द्यावा, तेव्हा कुठे तो जवळ येतो. तरीही अडचण उरतेच, कारण तो एक रंग नाही. समुद्राच्या निळसर हिरव्यापासून ऑलिव्हच्या पिवळसर हिरव्यापर्यंतचा सगळा पट्टा या एका नावाखाली येतो. त्याला एकत्र बांधून ठेवणारी गोष्ट छटा नसून घडण आहे. ती मला या साऱ्या विषयातली सगळ्यात अद्भुत गोष्ट वाटते, तिच्याकडे येतोच.

मेंढपाळाचं नाव तरी कुठून आलं? द्युर्फेने ते जुन्या लॅटिन-ग्रीक वाचनातून उचललेलं आहे. रोमन कवी ओव्हिडच्या ‘मेटामॉर्फसिस’मध्ये सेलाडॉन नावाचा माणूस लग्नमंडपातल्या मारामारीत मारला जातो. त्याहून मागे गेलं तर होमरच्या ‘इलियड’मध्ये केलाडॉन नावाची वेगाने वाहणारी नदी भेटते. ग्रीकमध्ये ‘केलादोस’ म्हणजे गलका, खळाळ. म्हणजे मुळात या शब्दात कसलाच रंग नाही, आहे तो आवाज. एका खळाळत्या नदीचं नाव फिरत फिरत नदीत उडी घेणाऱ्या मेंढपाळापर्यंत आलं, त्याच्या फितींना चिकटलं आणि तिथून अशा भांड्यांवर जाऊन बसलं, जी युरोपपासून हजारो मैल दूर, त्या मेंढपाळाच्या कितीतरी आधी घडली होती.

ही शेवटची उडी पॅरिसमधल्या व्यापाऱ्यांनी मारली. अठराव्या शतकाच्या मध्यावर तिथे चिनी भांडी विकत घेऊन त्यांना सोनेरी मुलाम्याच्या काशाची कड, पाया आणि मुठी बसवून देणारे बडे दुकानदार होते. त्यांच्यातला लाझार द्युव्हो याची १७४८ ते १७५८ या काळातली रोजकीर्द आज उपलब्ध आहे. राजा पंधराव्या लुईची सखी मादाम द पोंपादूर त्याच्या गिऱ्हाइकांत होती. त्या हिशेबाच्या नोंदींत चिनी हिरवी भांडी ‘सेलादों’ म्हणूनच येतात. दुकानदाराला ज्या नावाने माल समजावता येतो, ते नाव टिकतं. नाव लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला तो हिरवा कापडावर ओळखीचा होता, एवढं पुरेसं होतं.

ज्यांनी ती भांडी घडवली, त्यांच्याकडे मात्र या रंगासाठी आधीपासून नावं होती, आणि ती फार सुंदर होती.

चिनीमध्ये मूळ शब्द ‘छिंग’. गवताचा हिरवा छिंग, आभाळाचा निळा छिंग, आणि काळेभोर केससुद्धा छिंग. आपल्याला हे विचित्र वाटेल, पण आपल्या भाषेच्या पोटातही असं घडलेलं आहे. संस्कृतातला ‘हरि’ हिरवाही आहे आणि पिवळाही. ‘हरित’ त्याच घरातला, सोन्याला म्हटलेलं ‘हिरण्य’ त्याच घरातलं आणि ज्या ‘हरिद्रा’पासून आपली हळद आली तीही त्याच घरातली. रंगांमधल्या भिंती प्रत्येक भाषा आपल्या सोयीने बांधते. चिनी भाषेने निळा आणि हिरवा यांच्यामध्ये भिंत घातली नाही, म्हणून तिथल्या कुंभारांना या दोघांच्या मधला रंग शोधावासा वाटला की काय, असा विचार माझ्या मनात नेहमी येतो.

आठव्या शतकात लू यू नावाच्या माणसाने चहावर पहिला मोठा ग्रंथ लिहिला. कोणत्या गावच्या वाटीत चहा प्यावा, याचा त्याने त्यात बारकाईने विचार केला आहे. उत्तरेकडची चांदीसारखी, बर्फासारखी पांढरी वाटी काही लोक सरस मानत. लू यूचं मत वेगळं पडलं. दक्षिणेकडच्या युए भागातली हिरवट वाटी त्याला जेडच्या रत्नासारखी वाटली. तेव्हाच्या चहाचा रंग तांबूस असे. पांढऱ्या वाटीत तो लाल दिसायचा आणि युएच्या वाटीत हिरवा. जेड हे चिनी मनाला सोन्याहून प्रिय, सद्गुणांचं प्रतीक. मातीला जेड करून दाखवायचं, ही त्या कुंभारांची ओढ होती.

याच युए भट्ट्यांतल्या सर्वोत्तम भांड्यांना ‘मी-स’ म्हणत, म्हणजे ‘गुप्त रंग’. नवव्या शतकातल्या लू ग्वेमंग या कवीने या भांड्यांवर कविता केली. पुढे सुंग राजवटीच्या काळातल्या लेखकांनी लिहून ठेवलं की ही भांडी राजासाठीच बनत, सामान्यांना वापरायची मनाई होती, म्हणून ती गुप्त. पण भांडी दिसेनाशी झाली आणि नाव तेवढं मागे उरलं. कोणता हिरवा गुप्त आणि कोणता साधा, हे हजार वर्षं कुणालाच ठामपणे सांगता येईना. पंडित वाद घालत राहिले.

मग १९८१ मध्ये पावसात शान्शी प्रांतातल्या फामन मंदिराचा जुना पॅगोडा अर्धा कोसळला. त्याच्या पुनर्बांधणीसाठी पाया मोकळा करताना १९८७ मध्ये खाली एक तळघर सापडलं. ते सन ८७४ मध्ये बंद केलेलं होतं आणि त्यानंतर कुणाचाही हात लागलेला नव्हता. आत बुद्धाच्या बोटाचं अस्थिधातू म्हणून पूजलं जाणारं हाड होतं, राजाने वाहिलेलं सोनंचांदी होतं, रेशीम होतं, काचेची भांडी होती. आणि एका दगडी पाटीवर दानाची संपूर्ण यादी कोरलेली होती. त्या यादीत लिहिलं होतं: ‘गुप्त रंगा’च्या सात वाट्या, त्यांतल्या दोन चांदीच्या काठाच्या, आणि सहा ताटल्या. तळघरात मोजलं तर नेमक्या सात वाट्या आणि सहा ताटल्या निघाल्या. हजार वर्षांचा वाद एका कारकुनाच्या नोंदीने मिटवला.

त्या भांड्यांवर नक्षी जवळजवळ नाही. त्यातल्या एका ताटलीकडे पाहताना बघणाऱ्याला वाटतं, तळाशी पाणी आहे. ताटली कोरडी असते. झिलईचा थर आणि ताटलीचा उतार मिळून प्रकाशाला असं काही वळवतात की तळाशी पाण्याचा पातळ थर साचल्याचा भास होतो. ज्याने हे पहिल्यांदा भट्टीतून बाहेर काढलं असेल, त्याच्या मनात त्या क्षणी काय आलं असेल, ते मला फार जाणून घ्यावंसं वाटतं.

आता घडणीकडे. या हिरव्याचं मूळ कोणत्याही हिरव्या पदार्थात नाही. त्यात तांबं नाही, पाचू नाही, वनस्पतीचा रस नाही. आहे ते लोखंड, आणि तेही शंभरात एक ते तीन भाग. लोखंडाचा जो गंज गेरूला लाल करतो, कोकणच्या जांभ्या दगडाला तांबडा करतो, कुंभाराच्या मडक्याला आणि घरावरच्या कौलाला रंग देतो, तोच गंज इथे हिरवा झालेला असतो. लाल ते हिरवा या अंतरात फक्त हवा आहे.

भट्टीत लाकूड जळतं तेव्हा भरपूर हवा मिळाली तर आग स्वच्छ जळते आणि झिलईतलं लोखंड ऑक्सिजनला पुरेपूर धरून राहतं. भांडं मधासारखं पिवळं किंवा तपकिरी निघतं. पण कुंभाराने भट्टीची तोंडं लिंपून हवा आखडली आणि वर सरपण मात्र चालूच ठेवलं, तर आग गुदमरते. जळायला ऑक्सिजन कमी पडतो. मग तिच्यातला कार्बन मोनॉक्साइड जिथे मिळेल तिथून ऑक्सिजन ओढायला लागतो आणि वितळलेल्या झिलईतल्या लोखंडाकडूनही तो हिसकावून घेतो. ऑक्सिजन गमावलेलं लोखंड प्रकाशातला लाल भाग शोषून घेतं आणि निळा-हिरवा परत पाठवतं. सगळी जादू इथे, १,२०० ते १,३०० अंश सेल्सिअसच्या या गुदमरलेल्या आगीत होते. घरातल्या खिडकीच्या काचेची कड निरखून पाहा. समोरून पारदर्शक दिसणारी काच कडेला हिरवी दिसते. तो हिरवा याच जातीच्या लोखंडाचा, वाळूतून अल्पसा आलेला.

हवा आखडून आगीकडून रंग काढून घेण्याची विद्या आपल्या मातीलाही परकी नाही. विदर्भातल्या माहुरझरी, नायकुंड यांसारख्या ठिकाणच्या महापाषाणी दफनांत बाहेरून तांबडी आणि आतून व काठाला काळी अशी भांडी मिळतात. ती उपडी ठेवून भाजलेली. जिथे हवा पोचली तिथे तांबडा, जिथे अडली तिथे काळा. चिनी कुंभाराने हेच तत्त्व झिलईवर, कितीतरी जास्त उष्णतेत वापरलं.

ते वापरणं मात्र जिवावरचं काम होतं. थोडी हवा जास्त झाली की हिरव्यात पिवळं येई. लोखंड आठ-दहा टक्क्यांवर गेलं की भांडं काळं पडे. हवा आखडायचा क्षण चुकला की काजळी झिलईत अडकून भांडं मळकं निघे. आणि हे सारं डोळ्यांनी, आतल्या ज्वाळेचा रंग बघून ठरवायचं, कारण उष्णतामापक नव्हता. दक्षिण चीनच्या झजियांग प्रांतातल्या लुंगच्वान या गावी डोंगरउतारावर पन्नास-पन्नास मीटरहून लांब भट्ट्या बांधल्या जात. खालून आग लावली की ती उतारावर चढत जाई. त्यांना ‘ड्रॅगन भट्टी’ म्हणतात. अशा भट्टीत एका वेळी हजारो भांडी, प्रत्येक आपापल्या मातीच्या डब्यात बंद. दिवसन् दिवस आग, मग दिवसन् दिवस निववणं, आणि भट्टी उघडेपर्यंत आत काय झालंय हे कुणालाच ठाऊक नसे.

बाराव्या-तेराव्या शतकात लुंगच्वानच्या कुंभारांनी आणखी एक पाऊल टाकलं. त्यांनी झिलईची घडण बदलली, म्हणजे ती वितळली तरी ओघळून जाणार नाही. मग ती एकावर एक तीन-चार थर देऊन जाड लावता येऊ लागली. अशा जाड थराच्या आत बारीक हवेचे बुडबुडे आणि न वितळलेले कण अडकून राहतात. प्रकाश आत शिरतो, या कणांवर आपटून विखुरतो आणि मंद होऊन बाहेर येतो. म्हणून सेलाडॉनचा रंग पृष्ठभागावर लावलेला वाटत नाही, आतून झिरपल्यासारखा वाटतो. जेडमध्येही प्रकाश असाच आत जाऊन परततो. पाचशे वर्षांच्या ओढीनंतर माती खरोखर जेडसारखी दिसू लागली.

भट्टी उघडल्यावर या भांड्यांचा आवाजही येतो. निवताना झिलई आतल्या मातीपेक्षा जास्त आकसली तर तिला बारीक तडे जातात, आणि प्रत्येक तडा ‘टिंग’ करून वाजतो. काही भांडी बाहेर काढल्यावरही कितीतरी दिवस अशी वाजत राहतात. कुंभारांनी या तड्यांचंही सौंदर्य ओळखलं आणि काही भट्ट्यांनी ते मुद्दाम पाडले.

राजांच्या मागण्या काय असत, याची एक दंतकथा चिनी ग्रंथांत आहे. दहाव्या शतकातल्या शितझुंग या सम्राटाला विचारलं, भांड्यांचा रंग कसा हवा? त्याने सांगितलं, पावसाने उघडीप दिल्यावर ढगांच्या फटीतून दिसतो तसा. त्याच्या भट्टीतलं म्हणून खात्रीने दाखवता येईल असं एकही भांडं आजवर सापडलेलं नाही, पण तो रंग पुढे सगळ्यांचं ध्येय झाला. त्याच्या सगळ्यात जवळ पोचली ती हनान प्रांतातल्या रू भट्टीची भांडी. अकराव्या शतकाच्या शेवटी आणि बाराव्याच्या सुरुवातीला, जेमतेम काही दशकं ती दरबारासाठी बनली. आज जगात शंभराहून कमी उरली आहेत. त्यातली कुंचले धुण्याची एक लहानशी थाळी २०१७ मध्ये हाँगकाँगच्या लिलावात २९ कोटी हाँगकाँग डॉलरहून अधिक किमतीला गेली.

समुद्रापलीकडे कोरियात गोर्यो राजवटीच्या कुंभारांनी ही विद्या शिकली आणि आपली केली. ११२३ मध्ये चीनचा एक दूत, शू जिंग, तिथे गेला. परत आल्यावर त्याने जे सविस्तर वर्णन लिहिलं, त्यात एक बारीकशी नोंद आहे: या भांड्यांच्या हिरव्याला गोर्योचे लोक ‘बिसेक’ म्हणतात. ‘बि’ म्हणजे खंड्या पक्षी. आपल्याकडे विहिरीच्या काठावरून किंवा शेतातल्या तारेवरून पाण्यात सूर मारणारा तोच खंड्या. त्याच्या पिसांचं नाव जेडला मिळालं होतं आणि जेडवरून ते भांड्यांवर आलं. गंमत अशी की चीनचा जुना ‘गुप्त रंग’ हा शब्दही कोरियन उच्चारात ‘बिसेक’च होतो. लिहिताना चिन्हं वेगळी, कानाला मात्र गुप्त रंग आणि खंड्याचा रंग एकच. कोरियन कुंभारांनी पुढे या झिलईखाली पांढऱ्या आणि काळ्या मातीची जडावाची नक्षी भरली, ढगांतून उडणारे क्रौंच काढले. आजही कोरियातल्या संग्रहालयांत या भांड्यांपुढे थांबलं की नक्षी आधी दिसत नाही, आधी रंग दिसतो.

जपानने या भांड्यांवर किती जीव लावला, ते टोकियो राष्ट्रीय संग्रहालयातल्या एका वाडग्यावरून कळतं. तेराव्या शतकातला लुंगच्वानचा हा वाडगा ओंजळीत मावेल एवढा, काठाला फुलाच्या सहा पाकळ्यांसारखे हलके खाचे, रंग निळसर आणि अगदी स्वच्छ. पंधराव्या शतकात तो शोगुन आशिकागा योशिमासा याच्याकडे होता. परंपरागत कथा अशी की त्याच्या तळाला तडा गेला. योशिमासाने तो वाडगा चीनला पाठवला आणि निरोप दिला की याच तोडीचा दुसरा पाठवा. चीनहून वाडगा परत आला, तोच. आता असा वाडगा बनत नाही, असं उत्तर आलं. त्यांनी फक्त तड्यावर लोखंडी टाके मारून दिले होते. ते टाके आजही तिथे आहेत, हिरव्या झिलईत घट्ट रुतलेले, जाड, गंजून काळे झालेले. जपान्यांनी या दुरुस्तीला मोठ्या टोळाच्या आकाराची उपमा दिली आणि वाडग्याचं नावच ‘बाकोहान’ ठेवलं. ज्या लोखंडाने रंग दिला त्याच धातूने तडा जोडला, हे मी जितक्या वेळा वाचतो तितक्या वेळा थांबतो.

अशा भांड्यांनी भरलेलं एक जहाज १३२३ मध्ये चीनच्या किनाऱ्यावरून जपानकडे निघालं आणि कोरियाच्या सिनान किनाऱ्याजवळ बुडालं. १९७० च्या दशकात कोळ्यांच्या जाळ्यात हिरवी भांडी येऊ लागली तेव्हा ते सापडलं. आतून वीस हजारांहून अधिक भांडी वर आली, आणि त्यातली अर्ध्याहून जास्त सेलाडॉन होती. साडेसहाशे वर्षं समुद्राच्या तळाशी राहूनही रंग तसाच. मातीत मुरलेला काचेचा रंग असल्यामुळे त्याला ऊन, पाणी आणि वर्षं यांचं काही होत नाही.

पश्चिमेकडेही ही भांडी गेली, आणि आपल्या किनाऱ्यावरून गेली. अरबी समुद्रातल्या व्यापाराच्या मोठ्या बंदरांपैकी एक, आपल्या रायगड जिल्ह्यातलं चौल. तिथल्या उत्खननातही चिनी भांड्यांचे तुकडे मिळाले आहेत. पण अरब, इराणी आणि तुर्क लोकांनी या हिरव्याला चीनचं नाव दिलं नाही. त्यांना ही भांडी ब्रह्मदेशातल्या मर्तबान बंदरातून येताना दिसली, म्हणून त्यांनी भांड्यांना ‘मर्तबानी’ म्हटलं. याच बंदराच्या नावाने मोठे झिलईदार रांजणही विकले जात. चौदाव्या शतकात इब्न बतूता प्रवासात एका राजकन्येकडून मिळालेल्या भेटीचं वर्णन करतो. त्यात मिरी, लिंबू आणि आंबा समुद्रप्रवासासाठी मिठात मुरवून भरलेल्या चार मर्तबानांचा उल्लेख आहे. हिंदी-उर्दूत आजही लोणच्याच्या बरणीला मर्तबान म्हणतात. दूरदेशीच्या बंदराचं नाव आणि आंब्याचं लोणचं यांची संगत सातशे वर्षांची आहे.

इस्तंबूल, इराण आणि हिंदुस्थानातल्या दरबारांत या ताटांविषयी एक ठाम समजूत होती: विषारी अन्न वाढलं तर मर्तबानी ताट रंग बदलतं किंवा तडकतं. झिलईला विषाचं काही कळत नाही. पण सुलतानाच्या जेवणात विष घालण्याची भीती खरी होती आणि अशा भीतीच्या घरात हे शांत हिरवं ताट समोर असणं मोठा दिलासा देत असणार. इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यात आजही तेराशेहून अधिक सेलाडॉन भांडी आहेत. चीनबाहेरच्या सगळ्यात मोठ्या संग्रहांपैकी तो एक. त्यातली कितीतरी थोराड, जाड ताटं आहेत, एकाच ताटाभोवती अनेकांनी बसून जेवायच्या पद्धतीसाठी मुद्दाम मोठी बनवलेली. लुंगच्वानच्या कुंभाराने कधीही न पाहिलेल्या पंगतीची मापं धरून माती थापली होती.

सेलाडॉन या नावाच्या आणखीही व्युत्पत्ती सांगितल्या जातात. एक म्हणजे ते सलाहुद्दीनवरून, इंग्रज ज्याला सलाडिन म्हणतात त्याच्यावरून आलं. ११७१ मध्ये त्याने नूरुद्दीन या सुलतानाला चाळीस चिनी भांडी भेट पाठवल्याचं नोंदलेलं आहे. पण त्या घटनेपासून पॅरिसच्या दुकानापर्यंतच्या पाच-सहाशे वर्षांत भांड्यांना कुणी सलाहुद्दीनचं नाव दिलेलं दिसत नाही. मेंढपाळाच्या बाजूने मात्र कादंबरी, फॅशन आणि हिशेबाची वही असा सलग माग आहे.

दुसरी व्युत्पत्ती आपल्या लगेच डोळ्यांत भरेल. काही इंग्रजी पुस्तकांत म्हटलं आहे की सेलाडॉन हा संस्कृत ‘शिलाधर’चा अपभ्रंश आहे. शिला म्हणजे दगड, म्हणजे जेडसारखा, म्हणजे हे भांडं. मराठी वाचकाला ‘शिलाधर’ ऐकताच अर्थ लागतो, आणि तिथेच शंकाही येते. दगड धारण करणारा म्हणजे डोंगर म्हणता येईल, भांडं कसं म्हणणार? भांड्यासाठी हा शब्द कोणी कधी वापरल्याचं दिसत नाही, आणि रंगासाठी तर नाहीच. ध्वनी जुळला म्हणून नातं जुळत नाही.

तरीही संस्कृतला या कथेत जागा मिळाली, आणि ती खरोखर मिळाली. थायलंडमध्ये चौदाव्या-पंधराव्या शतकापासून अशी हिरवी भांडी बनत आली, सवनखलोकच्या भट्ट्यांतून ती आग्नेय आशियाभर गेली. आजही चिआंग माईच्या आसपासचे कुंभार लाकडाच्या राखेची झिलई चढवून ती भाजतात. युरोपातून सेलाडॉन हे नाव तिथे पोचलं तेव्हा थाई भाषेने ते आपल्या लिपीत बसवलं. उच्चार ‘सिलादोन’. लिहिताना मात्र त्याचा पहिला अर्धा भाग त्यांनी संस्कृत ‘शिला’च्या अक्षरांत लिहिला, तालव्य ‘श’ सांभाळून. चिआंग माईच्या दुकानांच्या पाट्यांवर आज तोच शब्द आहे. फ्रेंच मेंढपाळाचं नाव तिथे शिलेपासून सुरू होतं, आणि थाई वाचणाऱ्याला त्यात दगडच ऐकू येतो.